पाय बर्फावर, लक्ष गळावर : बुटांच्या पकडीविषयी

गोठलेल्या तळ्यावर मी पहिल्यांदा जोरात पडले ती चालताना नव्हे, एका जागी उभी असताना. मासेमारीसाठी बर्फात भोक पाडण्याचे काम जवळजवळ संपले होते, मोटरवर चालणारे गिरमिट बर्फाच्या तळाशी पोहोचले होते आणि आता पाणी वर येणार अशा वेळी त्याचे पाते बर्फाच्या शेवटच्या पापुद्र्यात अडकले. पाते थांबले, पण मोटर थांबली नाही. मग जे फिरायला मोकळे होते ते फिरले, म्हणजे मी. बुटांवर मी तारेच्या स्प्रिंगची जाळी चढवलेली होती आणि काठापासून तिथपर्यंतच्या वाटेत तिने मला एकदाही दगा दिला नव्हता, त्यामुळे पाय बाजूला सरकू लागले तेव्हा भीतीपेक्षा आश्चर्यच अधिक वाटले. कोपर पुढचे तीन आठवडे दुखत होते.

त्या पडण्यामुळे एक गोष्ट मात्र ध्यानात आली. बर्फावर घालायच्या पकडीची चौकशी करताना आपण नेहमी विचारतो की, ‘चालायला कोणती चांगली?’ मासेमारीला गेलेला माणूस चालतो फार तर अर्धा तास. उरलेला दिवस तो भोकाशेजारी उभा राहतो, गिरमिट फिरवतो, गुडघ्यावर बसतो, पुन्हा उठतो, सामानाची घसरगाडी ओढतो आणि लांबच्या भोकावर मासा गळाला लागल्याचे निशाण वर उडाले की आजूबाजूला न पाहता तिकडे धावत सुटतो. पायाला बसणारे जोर यात पुढचे-मागचे कमी आणि पिळाचे, बाजूचे, ओढीचे जास्त असतात. म्हणून पकडीची निवड वाटेसाठी नव्हे, भोकासाठी करावी, या मतावर मी आता ठाम आहे.

बर्फ मुळात निसरडा का असतो, हे कळल्याशिवाय खिळ्यांचे प्रकार कळत नाहीत. आपल्या वजनाच्या दाबाने बर्फ वितळतो आणि म्हणून पाय घसरतो, असे आपल्यापैकी बरेच जण शाळेत शिकले आहेत. दाबाने बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो हे खरे आहे. पण एका वातावरणाइतक्या, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाइतक्या, दाबाने तो एका अंशाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी उतरतो, आणि रुंद तळव्याच्या बुटात उभ्या असलेल्या माणसाचा दाब तर तेवढाही नसतो. मायकेल फॅरेडे यांनी १८५० साली निराळाच विचार मांडला होता : गोठणबिंदूच्या खालीसुद्धा बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा एक अतिशय पातळ थर असतो. पृष्ठभागावरच्या रेणूंना वरच्या बाजूने धरून ठेवणारे कोणी नसते, त्यामुळे ते आतल्या रेणूंइतके घट्ट बांधलेले राहत नाहीत. थंडी वाढत जाते तसा हा थर पातळ होत जातो, आणि तापमान शून्याच्या जवळ आले की त्यावर खरेखुरे वितळलेले पाणीही साचते.

यातून व्यवहाराचे दोन निष्कर्ष निघतात. शून्याच्या आसपासचा ओला बर्फ चालण्याला सर्वांत वाईट असतो, पण तो मऊ असल्याने त्यात खिळा सहज रुततो. उणे वीस-पंचवीस अंशांतला बर्फ तुलनेने कमी निसरडा असतो, पण तो कठीण होतो आणि बोथट खिळा त्याच्यावर नुसता ओरखडा काढत पुढे जातो. म्हणजे हंगामाच्या शेवटी कामी आलेली पकड ऐन थंडीत कामी येईलच असे नाही. ज्यांनी एकच जोड सगळ्या हंगामासाठी घ्यायचे ठरवले आहे, त्यांनी कडाक्याच्या थंडीतला कठीण बर्फ डोळ्यांसमोर ठेवून तो घ्यावा.

नुसत्या रबरी तळव्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. बुटाच्या खोक्यावर छापलेला ‘उणे चाळीस’ हा आकडा उबेचा असतो, पकडीचा नसतो, आणि या दोन गोष्टींची गल्लत करणारे लोक मी दर हंगामात पाहते. साधे रबर थंडीत कडक होत जाते आणि कडक झालेले रबर बर्फाच्या बारीक उंचसखलपणाशी जुळवून घेत नाही. टोरांटो रिहॅबिलिटेशन इन्स्टिट्यूटच्या प्रयोगशाळेत माणसांना सुरक्षेचा पट्टा बांधून बर्फाच्या उतारावर चालवतात आणि पाय घसरेपर्यंत उताराचा कोन वाढवत नेतात. तिथे किमान पसंती मिळवण्यासाठी बुटाने ७ अंशांचा उतार पेलायला हवा असतो. २०१६ साली त्यांनी निकाल जाहीर केले तेव्हा तपासलेल्या हिवाळी बुटांपैकी बहुतेक बूट या साध्या कसोटीलाही उतरले नव्हते. तळव्यात काचतंतू मिसळलेले नवे बूट गुळगुळीत बर्फावर बरे चालतात, पण तो पृष्ठभाग वापराने झिजतो आणि गिरमिट फिरवताना मी केवळ त्याच्या भरवशावर उभी राहणार नाही.

राहिल्या वरून चढवायच्या वस्तू. तारेच्या स्प्रिंगची जाळी दाबल्या गेलेल्या बर्फाळ पायवाटेसाठी चांगली असते. तारेची वेटोळी पावलाला आडवी येतात आणि पुढे-मागे घसरू देत नाहीत. परंतु वाऱ्याने झाडून निघालेल्या, आरशासारख्या उघड्या बर्फावर गोल तार रुतत नाही, आणि पिळाचा जोर बसला तर ती पायाखालून फिरते. माझ्या कोपराचा पुरावा वर दिलेलाच आहे.

साखळीला साधारण एक सेंटिमीटर लांबीचे पोलादी काटे जोडलेला प्रकार डोंगरवाटांवरून इकडे आला आहे. तळ्यावर बोटभर बर्फाची भुकटी साचलेली असेल, किंवा काठावरून तळ्यात उतरायचा उतार तीव्र असेल, तर त्याला तोड नाही, कारण काटे भुकटीतून खालच्या टणक बर्फापर्यंत पोहोचतात. त्याचा दोष दिवस चढल्यावर दिसतो. ओलसर भुकटी साखळीच्या मधल्या जागेत घट्ट बसते, तिचा गोळा तयार होतो आणि माणूस नकळत त्या गोळ्यावर उभा राहून चालू लागतो; काटे आत झाकले जातात. शिवाय उबदार बुटांचे तळवे मऊ असतात, त्यामुळे कठीण बर्फावर तासन्‌तास उभे राहिल्यावर काटा जिथे आहे तिथे तळपायाला टोचल्यासारखे वाटते. हा जोड मी आजही घसरगाडीत ठेवते, पण उतार संपला की काढते.

दिवसभर पायात राहतो तो तिसरा प्रकार : रबरी पट्ट्यात बसवलेले टंगस्टन कार्बाइडचे आखूड खिळे. बाहेर डोकावणारा भाग जेमतेम काही मिलिमीटरचा असतो आणि दुकानात तो पाहून ‘एवढ्याने काय होणार?’ असे वाटते. पण उघड्या बर्फावर लांबीपेक्षा टोकाचा कठीणपणा जास्त उपयोगी पडतो. साधे पोलाद वाटेतल्या खडीवर आणि काँक्रीटवर घासून लवकर गोल होते. कार्बाइडची धार त्या मानाने बराच काळ टिकते. खिळे आखूड असल्याने पाय बर्फाच्या जवळ राहतो आणि घोटा मुरगळण्याचा धोका कमी होतो. गिर्यारोहकांचे लांब दात्यांचे क्रॅम्पॉन घालून सपाट तळ्यावर येणाऱ्यांना मी म्हणूनच परावृत्त करते. त्यांचे दाते आपल्याच दुसऱ्या पायाच्या विजारीत अडकतात, आणि सपाट बर्फावर पडायला तेवढे निमित्त पुरे असते.

खिळे किती आहेत यापेक्षा ते कुठे आहेत हे पाहावे, आणि इथे थोडे सविस्तर लिहिते. स्वस्त जोडांत बहुतेक खिळे चवड्याखाली असतात आणि टाच मोकळी असते. चालताना मात्र बर्फाला पहिल्यांदा टाच टेकते. ती पुढे निसटली की माणूस पाठीवर पडतो आणि डोके आपटते. टाचेखाली खिळे नाहीत असा जोड कितीही चांगला दिसला तरी घेऊ नये. घसरगाडी ओढताना सगळा भार चवड्यावर येतो, म्हणून तिथलेही खिळे हवेतच. गिरमिटाच्या पिळाचे गणित आणखी वेगळे आहे : तळव्याच्या मध्यापासून खिळा जितका लांब, तितका तो पिळाला जास्त विरोध करतो. मधोमध एका ओळीत बसवलेल्या आठ खिळ्यांपेक्षा कडेकडेने बसवलेले सहा खिळे गिरमिटाच्या वेळी अधिक उपयोगी पडतात. पायांत खांद्याइतके अंतर ठेवून उभे राहण्यामागेही हेच कारण आहे.

थेट तळव्यात आटे असलेले खिळे पिळून बसवण्याचा मार्गही आहे. असे खिळे निसटून मागे राहत नाहीत आणि दर वेळी चढवा-काढायची कटकट नसते. पायाखाली लोखंड बांधण्याची युक्ती तशी हजार वर्षांहून जुनी आहे. स्वीडनमधल्या बिर्का येथील व्हायकिंग काळातल्या थडग्यांत बर्फावर चालण्यासाठी बुटांना लावायचे लोखंडी काटे सापडले आहेत. खिळे बसवण्याआधी तळव्याच्या रबराची जाडी मोजावी आणि खिळा केवळ रबराच्या जाड उंचवट्यांतच बसवावा. तो खोल गेला तर आत पाणी शिरते, बाहेरची थंडी धातूतून आत येते आणि एखाद्या दिवशी टोक पायालाच लागते. दोन थरांमध्ये हवा कोंडून ऊब राखणाऱ्या बुटांना तर अजिबात छिद्र पाडू नये. फरशीवर मात्र खिळे बसवलेले बूट बर्फावरच्या साध्या बुटांइतकेच घसरतात, आणि ते पायात घालून गाडी चालवणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

माप घेताना बुटाचा क्रमांक पाहून फसगत होते, कारण उबदार बुटांचा बाहेरचा घेर नेहमीच्या बुटांपेक्षा बराच मोठा असतो. बूट सोबत नेऊन त्यावरच जोड चढवून पाहावा, आणि तोही हातमोजे घालून. फार सैल जोड पिळाबरोबर फिरतो. फार घट्ट जोड बोटांचा रक्तपुरवठा आवळतो आणि तासाभरात बोटे बधिर होतात. पायाच्या वरून जाणारा पट्टा असलेला जोड मी पसंत करते, कारण चिखलासारख्या ओल्या बर्फातून पाय उपसताना नुसता रबरी जोड टाचेवरून निघून येतो आणि ते कळायला दहा पावले लागतात. रबर कसे आहे हे पाहण्यासाठी जोड रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावा आणि सकाळी लगेच ताणून पाहावा. साखळीची किंवा खिळ्याची कडी रबरात जिथे अडकवलेली असते, त्या छिद्राभोवती बारीक चिरा दिसल्या तर तो जोड तळ्यावर नेऊ नये. फाटायला सुरुवात तिथूनच होते.

जोड चढवायचा तो गाडीपाशी, बसून. काठावर येऊन एका पायावर उभे राहत तो चढवणारे पुष्कळ भेटतात. पण गाड्यांच्या चाकांखाली दाबला गेलेला, दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेला तो काठच साऱ्या वाटेत जास्त निसरडा असतो.

भोकाजवळची जमीन, म्हणजे अर्थात बर्फच, दिवसभरात बदलत जाते. गिरमिटाबरोबर वर आलेले पाणी आणि बर्फाचा चुरा यांचा रबडा भोकाभोवती पसरतो आणि तासाभरात त्याची काचेसारखी वरंबी होते. तो रबडा झाऱ्याने लगेच दूर ओढून टाकणे हे कोणत्याही खिळ्यापेक्षा स्वस्त संरक्षण आहे. गळाचा दोरा बर्फावर मोकळा सोडू नये. विणलेला दोरा खिळ्यात अडकला की एक तर दोरा खरवडला जातो, नाही तर मासा ओढत असताना आपलाच पाय बांधला जातो, आणि त्या क्षणी पाहणाऱ्याची करमणूक होते. तंबूला कापडी तळ असेल तर आत रबरी चटई अंथरावी.

पायाखाली पकड चांगली असली की माणूस धीट होतो, म्हणून इथे एक गोष्ट लिहायलाच हवी. खिळे घसरण्यापासून वाचवतात, बर्फ फुटण्यापासून नाही. एकट्या माणसाने चालण्यासाठी स्वच्छ, पारदर्शक बर्फ किमान १० सेंटिमीटर जाड असावा असा सर्वसाधारण दंडक आहे आणि पांढरा, दुधी बर्फ त्याच्या निम्माच मजबूत धरतात. ही जाडी वाटेत ठिकठिकाणी पहारीने तपासायची असते. बर्फ फुटून पाण्यात पडल्यास वर येण्यासाठी बर्फात रोवायचे दोन हातटोचे गळ्यात हवेत, पिशवीत नकोत.

जोड नवा असो की जुना, मी तळ्यावर उतरल्यावर एक छोटी तपासणी करते. भुकटी नसलेल्या काळ्याशार बर्फावर दहा पावले चालायचे आणि मागे वळून पाहायचे. खिळा नीट रुतला असेल तिथे खडूने टिंब दिल्यासारखा पांढरा ठिपका उमटतो. तो निसटला असेल तर ठिपक्याऐवजी लांब ओरखडा दिसतो. गेल्या खेपेला माझ्या डाव्या पावलाचे सगळे ठिपके जागच्या जागी होते आणि उजव्या टाचेखाली दोन ठिपके उमटलेच नव्हते. बादलीवर बसून बूट उलटा केला, तर रबरात दोन रिकामी भोके होती. खिळे वाटेतच कुठेतरी गळून पडले होते. सुटे खिळे घरी होते. त्या दिवशी गिरमिट सोबतीणीच्या हाती दिले आणि मी झारा घेऊन रबडा ओढत बसले.