बांबिनो

किराणा दुकानात 'बांबिनो' मागितलं की शेवयांचं पाकीट पुढे येतं. आमच्याकडे या शब्दाची ओळख खिरीतूनच झाली. इटलीत मात्र बांबिनो म्हणजे मूल. मुलगी असेल तर बांबिना, आणि घरभर गोंधळ चालला असेल तर बांबिनी!

मूळ शब्द 'बांबो', म्हणजे भाबडा, पुरती समज न आलेला. त्याला लाडाची शेपटी लावली की झाला बांबिनो, बाळाचा बाळू करावा तसा. आणि बांबो हा तर आवाजच. दात नसलेल्या तोंडातून पहिल्यांदा 'ब'च बाहेर पडतो. त्याला व्याकरण लागत नाही, नुसते ओठ पुरतात. आपलं 'बोबडं'ही असंच ओठांवर जमलेलं असावं, असं मला वाटतं.

जुन्या रोममध्ये मात्र या आवाजात लाड नव्हता. इ.स.पू. 44 मध्ये रोमचा नामवंत वक्ता सिसेरो आपला राजकीय शत्रू मार्क अँटनीवर तुटून पडला, तेव्हा त्यानं अँटनीच्या सासऱ्यालाही सोडलं नाही. सासरेबुवांची जीभ अडखळायची, म्हणून लोक त्यांना 'बांबालिओ' म्हणत. सिसेरोनं ते भर भाषणात काढलं. सासऱ्याचा उद्धार करून जावयाला टोमणा मारायची कला काही आपली एकट्याची नाही तर.

तो कुत्सितपणा पुरता गेलेला नाही. वयामुळे ज्याचं डोकं चालेनासं झालं, त्याला इटालियन माणूस 'रिंबांबितो' म्हणतो, म्हणजे पुन्हा पोर झालेला. आपण 'साठी बुद्धी नाठी' म्हणून मोकळे होतो. त्यात निदान यमक तरी आहे.

या थट्टेच्या शब्दाला मान मिळवून दिला तो डॉ. मारिया माँटेसरींनी. 6 जानेवारी 1907 रोजी रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी 'कासा देई बांबिनी' सुरू केलं. नावात शाळा नाहीच, मुलांचं घर. पोरांना स्वतः उचलता येतील एवढ्याच खुर्च्या. हात धुवा, टेबल पुसा, फुलं मांडा, हाही तिथला अभ्यासच.

माँटेसरींची पद्धत आपल्याकडे रुजवताना बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांना त्यातली महागडी साधनं परवडण्यातली नव्हती. महाराष्ट्रातल्या बोर्डी-कोसबाड भागातल्या आदिवासी मुलांसाठी मग शंख-शिंपले, बिया, पानं चालली. मुलं शाळेपर्यंत येईनात, तर ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी शाळाच पाड्यावर नेली, घरापुढच्या अंगणात मांडली आणि तिला अंगणवाडी म्हटलं.