मारायचं बटण नाही

"मामा, मारायचं बटण कोणतं?" गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी सुट्टीला आलेल्या भाच्यानं विचारलं. संगणकाचा काळा पडदा, त्यावर ईमेलच्या पत्त्यातलं ॲटचं चिन्ह म्हणजे मी आणि माझ्या जिवावर उठलेली इंग्रजी मुळाक्षरं म्हणजे राक्षस. याला खेळ म्हणतात हेच त्याला पटेना.

तसं बटणच नाही रे बाबा. शेजारच्या घरात, म्हणजे पडद्यावरच्या चौकोनात, राक्षस उभा असेल तर त्याच्याच दिशेनं पाऊल टाकायचं. घर रिकामं असतं तर ते चालणं झालं असतं. आता तो वार. १९८० च्या 'रोग' (Rogue) या संगणकावरच्या खेळापासून ही रीत चालत आली आहे. तुम्ही एक चाल करायची, मग राक्षस करणार. मध्ये तुम्ही चहा करून आलात तरी राक्षस तलवार उगारून ताटकळत राहतो. एवढा सभ्य शत्रू दुसऱ्या कुठल्या खेळात नाही.

वार बसतो की नाही ते आत न दिसणारा फासा ठरवतो. तो आपल्या हातात नाही. आपल्या हातात असतं ते उभं कुठं राहायचं. मोकळ्या दालनात तुमच्याभोवती आठ घरं, म्हणजे एका वेळी आठ जण तुटून पडू शकतात. अरुंद वाटेत शिरलात की समोरून एकच. जुन्या नाशकात दहीपुलाच्या आसपासच्या बोळांत समोरून म्हैस आली की बाकीची गर्दी तिच्यामागे खोळंबते, तसंच. मेलात तर सगळं पहिल्यापासून, त्यामुळे पळून बोळ गाठण्यात कमीपणा नाही.

'नेटहॅक' या १९८७ च्या खेळात तर गमतीच गमती. ग्रिड बग नावाच्या किड्याला तिरकं जाताही येत नाही, मारताही येत नाही. तिरप्या घरात उभं राहून त्याला खुशाल बडवा. (मला त्याची थोडी दया येते.) उलट तरंगता डोळा नावाचा राक्षस. तो स्वतःहून काहीच करत नाही. पण त्याच्याकडे बघत हातघाईवर आलात की बहुतेक वेळा जागीच थिजता, आणि मग कुठलाही फुटकळ उंदीर येऊन तुम्हाला निवांत कुरतडतो. पाऊल म्हणजेच वार असल्यामुळे बाणाची कळ दाबून भराभरा चालणारे इथं हमखास जातात.

"मग त्याला मारायचंच नाही?"

मारायचं की. लांबून सुरे फेकून, नाहीतर डोळ्यांवर पट्टी बांधून. आणि मेला की खायचा.

"ई! खायचा?"

खाल्ला की पट्टी बांधल्यावरही दूरवरचे राक्षस कळायला लागतात. भाच्यानं खुर्ची जवळ ओढली.