वही शिवण्याआधी कागद वाकवून पाहा

संध्याकाळचा तास-दीड तास मोकळा असेल आणि हातांना काम हवं असेल, तर वही शिवण्यासारखा छंद नाही. सामान थोडं लागतं, पसारा होत नाही आणि एका बैठकीत एक वही पूर्ण होते. तरी पहिल्या दोन-तीन वह्या बहुतेकांच्या बिघडतात. दोष शिवणीचा असेल असं वाटतं, पण तो बहुधा कागदाच्या ग्रेनमध्ये असतो.

यंत्रावर कागद तयार होताना लगदा एका दिशेनं धावत असतो, म्हणून बरेचसे तंतू त्याच दिशेनं आडवे होतात. तीच ग्रेनची दिशा. ओलावा लागला की तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत फुगतात. त्यामुळे कागद ग्रेनला काटकोनात पसरतो. वहीची घडी नेहमी ग्रेनला समांतर हवी. ती उलटी पडली तर पानं मणक्याजवळ, म्हणजे वहीच्या घडीच्या कडेजवळ, लाटांसारखी होतात, घडी खरखरीत दिसते आणि वही मिटून ठेवली तरी तोंड उघडं टाकते.

ग्रेन ओळखायला कागद न दुमडता हलकेच वाकवायचा, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या. ज्या बाजूनं तो सहज वाकतो, ती वाक ग्रेनला समांतर असते. शंका उरली तर फाडून पाहा: ग्रेनच्या दिशेनं कागद बराचसा सरळ फाटतो, आडवा फाडला की वेडावाकडा जातो.

आता अडचण अशी की बाजारातल्या ए-४ कागदाचा ग्रेन बहुधा लांब बाजूनं असतो. तो मधोमध दुमडून ए-५ वही केली की घडी नेमकी ग्रेनला आडवी पडते. सुरुवातीला ए-६ वहीच करावी, हे आमचं आग्रहाचं मत आहे. ए-४ कागद आडवा मधोमध कापला की ए-५ चे दोन तुकडे मिळतात. प्रत्येक तुकडा पुन्हा मधोमध दुमडला की ए-६ पान होतं आणि घडी आपोआप ग्रेनच्या दिशेत येते.

८० जीएसएमचे, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणाऱ्या कागदाचे, असे आठ तुकडे एकात एक घालायचे. हा झाला एक जुज, म्हणजे ३२ पृष्ठं. यापेक्षा जास्त कोंबू नयेत, घडी फुगते. घडी दाबताना वर रद्दी कागद ठेवून पट्टीच्या कडेनं घासावं; उघड्या कागदावर घासलं तर चकाकी राहते.

भोकांसाठी १४८ मिलिमीटर लांबीची कागदी पट्टी कापा. एक खूण मधोमध ७४ वर, बाकी दोन दोन्ही टोकांपासून २० मिलिमीटर आत. जुज काटकोनात उघडा, पट्टी घडीत बसवा आणि टोच्या दोन्ही पानांच्या बरोबर मधून, म्हणजे ४५ अंशांत, खाली उतरवा. घाई इथेच नडते. टोच्या जरा कलला तर बाहेरच्या कागदावर भोक घडीच्या बाजूला येतं आणि पुढे तिथूनच पान फाटतं.

दोरा वहीच्या उंचीच्या तिप्पट, साधारण ४५ सेंटिमीटर. सुती किंवा लिननचा दोरा मेणाच्या वडीवरून दोनदा ओढून घ्या. मग तो गुंतत नाही आणि गाठ घसरत नाही. मधल्या भोकातून आतून बाहेर जा, आत सात-आठ सेंटिमीटर शेपूट सोडा. बाहेरून वरच्या भोकात शिरा. आतून मधलं भोक ओलांडून थेट खालच्या भोकातून बाहेर पडा आणि बाहेरून पुन्हा मधल्या भोकातून आत या. इथे सुईनं आधीचा दोरा टोचला जाऊ नये, नाहीतर शिवण आवळताच येत नाही. आतल्या लांब टाक्याच्या एका अंगाला एक टोक, दुसऱ्या अंगाला दुसरं, हे जमवा. मग उजवं टोक डाव्यावर, नंतर डावं उजव्यावर अशी गाठ मारा. आवळताना दोरा मणक्याला समांतर ओढायचा. पानांच्या दिशेनं ओढला की भोक चिरतं.

शिवल्यावर आतली पानं मिलिमीटरभर पुढे आलेली दिसतात. ती चूक नव्हे, कागदाच्या जाडीचा हिशेब आहे. स्टीलची पट्टी दाबून धरा आणि नव्या पात्यानं हलक्या हातानं आठ-दहा वेळा फिरवून कड कापा. एकाच दमात कापायला गेलं की पातं खालच्या पानांवर तिरकं उतरतं.

कव्हरला २०० ते २५० जीएसएमचं कार्ड पुरतं. तेही शिवतानाच बाहेरून घालावं, ग्रेन मणक्याला समांतर ठेवून. दुमडण्याआधी बोथट टोकानं रेघ दाबली नाही तर पृष्ठभाग तडकतो.

पुठ्ठ्याची बांधणी पुढची पायरी. तिथेही हाच नियम, फक्त चुकीची शिक्षा मोठी. खळ लावलेला कागद आधी पसरतो, वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. आतलं अस्तर त्याला उलट बाजूनं ओढून धरतं, म्हणून पुठ्ठा, वरचा कागद आणि अस्तर या तिघांचा ग्रेन एकाच दिशेला हवा. अस्तर चिकटवल्यावर ते आणि पानं यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा पातळ कागद सरकवा, म्हणजे ओल पानांत उतरणार नाही, आणि वही रात्रभर सपाट वजनाखाली ठेवा.