तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रुपमधलं स्पॅम एकदाचं बंद का करत नाही?

रात्रीतून कोणीतरी चाळीस धाग्यांवर एकच जाहिरात चिकटवून गेलं, की सकाळी हा प्रश्न ठरलेला. पाठोपाठ उपायही येतो: नव्या सभासदांना नीट तपासूनच आत घ्या ना!

तपासायचं काय? सभासद होताना स्पॅमरने अजून काहीच केलेलं नसतं. नाव, ईमेल, चार ओळींची ओळख या गोष्टी तो खऱ्या माणसापेक्षा नेटक्या भरतो. खरा माणूस ओळखीच्या रकान्यात टिंब टाकून मोकळा होतो. त्यामुळे माझं मत असं की दारावर थोडीच मेहनत घ्यावी आणि उरलेली सगळी पहिल्या दोन-तीन पोस्टींवर खर्च करावी.

दारावर अडतात ते फक्त बॉट, म्हणजे आपोआप अर्ज भरणारे प्रोग्रॅम, आणि त्यांच्यासाठी साधी युक्ती पुरते. अर्जात एक जास्तीचा रकाना ठेवायचा, जो माणसाला दिसत नाही. बॉट दिसेल तो रकाना भरत सुटतो, तो भरलेला आला की अर्ज बाद. इथे चूक होते ती नावात. त्या रकान्याला ‘फोन’ किंवा ‘पत्ता’ नाव दिलं, तर ब्राउझर स्वतःच तो भरून टाकतो आणि खरा माणूस कारण न कळता बाहेर राहतो. म्हणून नाव निरर्थक ठेवा, ऑटोफिल बंद करा, टॅब दाबून तिथे पोचता येणार नाही असं करा आणि मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरपासूनही तो लपवा. नाहीतर दृष्टिहीन सभासद इमानदारीने तो भरतील. जोडीला वेळ मोजा. पूर्ण अर्ज तीन सेकंदांत भरून आला, तर तो माणसाने भरलेला नसतो. कॅप्चाचा, म्हणजे माणूस असल्याचं पटवायला सोडवायच्या कोड्यांचा, फार भरवसा धरू नका. पैसे घेऊन ती सोडवून देणाऱ्या सेवा आहेत.

आता पहिल्या पोस्टी. नव्या आयडीच्या पहिल्या दोन किंवा तीन पोस्टी मंजुरीसाठी थांबवा, आणि लिंक, चित्र, व्यनि (व्यक्तिगत निरोप) या तीन सोयी काही काळ बंद किंवा मोजक्याच ठेवा. डिस्कोर्स या चर्चामंच चालवायच्या प्रणालीत हे आयतं मिळतं: नवा आयडी पाच धागे उघडून, तीस पोस्टी वाचून, एकूण दहा मिनिटं घालवल्याशिवाय पुढच्या पायरीवर जात नाही. वाचायला आलेल्या माणसाला हे जाणवतसुद्धा नाही. ज्याला शंभर आयडी चालवायचे आहेत, त्याला मात्र प्रत्येकामागे दहा मिनिटं परवडत नाहीत. स्पॅम चालतं तेच मुळी फुकटात पडतं म्हणून. एप्रिल १९९४मध्ये कँटर आणि सीगल या वकील जोडप्याने ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चाजाळ्याच्या हजारो ग्रुपांवर एका छोट्या प्रोग्रॅमने टाकली. टाकणाऱ्याला खर्च जवळपास शून्य, निस्तरणं बाकीच्यांच्या माथी. तो हिशोब अजून बदललेला नाही.

एवढं केलं की बॉट जातात आणि चिवट माणसं उरतात. त्यांच्या चाली ओळखीच्या असतात. पहिली चाल संपादनाची: आज ‘छान माहिती, धन्यवाद’ असा प्रतिसाद, तीन आठवड्यांनी कोणी बघत नसताना त्यातच घुसवलेली लिंक. यावर संपादनाची मुदत अर्धा-एक तास ठेवणं, निदान नव्यांसाठी, हा चोख उपाय आहे. दुसरी चाल डुआयडींची, म्हणजे एकाच माणसाने काढलेल्या जास्तीच्या आयडींची, जोडी: एक विचारतो ‘अमुक कोणी वापरलंय का’, दुसरा दहा मिनिटांत लिंकसकट गुण गातो. अशा वेळी मजकूर राहू द्या बाजूला, दोघांच्या नोंदणीच्या वेळा बघा. तिसरी चाल म्हणजे दोन-तीन वर्षं जुना धागा वर काढून त्यातलाच एक जुना प्रतिसाद जसाच्या तसा पुन्हा डकवणं. विषयाला धरून असल्याने तो मंजूर होतो. संशय आला की त्यातलं एक वाक्य धाग्यात शोधून बघा.

बंदी घातलेल्या शब्दांची यादी करा, असंही सुचवलं जातं. मराठीत तिचा फार उपयोग नाही. आपल्याकडे शब्दाला प्रत्यय लागतात, त्यामुळे ‘कर्ज’ हा नेमका शब्द अडवला तरी ‘कर्जाची’ आणि ‘कर्जासाठी’ सुटतात; शब्दाचा तुकडा अडवला तर कर्जबाजारीपणावरची सगळी गंभीर चर्चा अडकते. इंग्रजी स्पॅममध्ये रोमन अक्षरांच्या जागी तशीच दिसणारी सिरिलिक (रशियन लिपीतली) अक्षरं घालतात, मध्ये न दिसणारी चिन्हं पेरतात. म्हणून कोणी नियम लावतं, की न दिसणारं चिन्ह आलं की पोस्ट उडव. पण ‘दुसर्‍या’ लिहिताना बऱ्याच कळफलकांवर असंच एक न दिसणारं जोडचिन्ह पडतं! हा नियम लावलात तर शुद्ध लिहिणारेच आधी बाहेर जातील. लिंकच्या डोमेनवर, म्हणजे त्या संकेतस्थळाच्या नावावर, बंदी घालणं त्यापेक्षा कितीतरी बरं.

आपोआप चालणारी गाळणी लावायची असेल, तर एक गणित आधी करा. हजार पोस्टींत वीस स्पॅम आहेत असं धरा. गाळणी स्पॅमपैकी ९५ टक्के पकडते आणि चांगल्यांपैकी फक्त एक टक्का चुकून अडवते. आकडे उत्तम वाटतात. प्रत्यक्षात १९ स्पॅम अडकतात आणि ९८० चांगल्या पोस्टींपैकी दहाएक. म्हणजे अडकलेल्यांत दर तिसरी पोस्ट निर्दोष. म्हणून गाळणीला पोस्ट थांबवायचा अधिकार द्या, उडवायचा नको. थांबलेल्या पोस्टी दिवसातून दोनदा तरी बघा. स्पॅम अर्धा दिवस दिसलं तर लोक कुरकुरतात. पहिलीच पोस्ट दोन दिवस लटकली तर नवा माणूस गुपचूप निघून जातो, आणि ते कोणाला कळतही नाही.

आयपी पत्त्यावर, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावर, बंदी घालावी ती काही तासांपुरती. मोबाइल नेटवर्कवर एकाच पत्त्यामागे शेकडो माणसं असू शकतात, आणि स्पॅमर पाच मिनिटांत नवा पत्ता घेतो.

हल्ला झालाच, तर क्रम महत्त्वाचा. आधी आयडी वाचनमात्र करा, मग एका पोस्टीची प्रत, ईमेल, आयपी आणि वेळ टिपून ठेवा, मग सगळ्या पोस्टी काढा. उलट केलंत तर तुम्ही काढत असताना तो नव्या टाकत राहतो, शिवाय पुरावाही जातो. त्यानंतर तेच डोमेन पूर्ण ग्रुपात शोधा. हमखास सापडतं, बहुतेकदा आपल्याच सभासदांच्या प्रतिसादांत! ‘अ‍ॅडमिन, हे बघा’ म्हणत त्यांनी अख्खी जाहिरात लिंकसकट उद्धृत केलेली असते, धागाही वर आणलेला असतो. उत्तर न देता तक्रारीचं बटण दाबा, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. तीन जुन्या सभासदांच्या तक्रारी आल्या की पोस्ट आपोआप लपेल, अशी सोय ठेवा. नव्या आयडींच्या तक्रारी त्यात मोजू नका. डुआयडींची टोळी त्याच बटणाने भल्या माणसाची पोस्ट लपवते.

व्यनितून येणारं स्पॅम अ‍ॅडमिनला दिसतच नाही. त्यातलं सगळ्यात वाईट म्हणजे अ‍ॅडमिनचंच नाव आणि फोटो लावून पैसे किंवा ओटीपी मागणारं. अ‍ॅडमिन व्यनितून या दोन गोष्टी कधीच मागत नाही, हे ग्रुपच्या माथ्यावर कायम लिहिलेलं असू द्या. आणि अ‍ॅडमिन-मॉडरेटरांच्या खात्यांना दुहेरी पडताळणी लावा, काम सोडून गेलेल्या मॉडरेटरांचे अधिकार त्याच दिवशी काढा. जुना, विसरलेला मॉडरेटर आयडी स्पॅमरच्या हाती लागला, तर वरच्यातला एकही अडसर त्याला लागू होत नाही.