तुम्ही विचारलंत म्हणून: मॉरिशसला घटना सुधारायला तू कशाला लागतेस?

लग्नात, गणपतीत, शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, सगळीकडे तेच. 'मॉरिशस? मजा आहे बाई तुझी, नुसते बीच! पण एवढ्याशा बेटाची घटना सुधारायला तू कशाला लागतेस गं?' इतकी वर्षं हसून विषय बदलला, आज एकदाचं लिहूनच टाकते.

बीच दोनदा बघितला. बाकी वेळ मसुदे वाचणं, हे कलम असं लिहिलं तर कोर्टात काय होईल त्यावर टिपणं काढणं, आणि बंद खोलीतल्या मीटिंगा. लोकशाही शिकवायला मी जात नाही, १९८२ पासून तिथे मतपेटीतून सरकारं बदलतायत, त्यांना काय शिकवणार मी. मग कशाला लागते? खरं सांगायचं तर मलाही दर वेळी पटतंच असं नाही.

गुंता असा आहे. २० मतदारसंघांतून प्रत्येकी ३ खासदार, रॉड्रिग्ज बेटाचे २, म्हणजे ६२. त्यावर जास्तीत जास्त ८ जागा हरलेल्या उमेदवारांतून भरतात, जो समाज संसदेत कमी पडला त्यातल्या चांगली मतं मिळवलेल्यांना. नावच 'बेस्ट लूजर'. त्यासाठी उमेदवारी अर्ज भरताना समाज लिहायचा, हिंदू, मुस्लिम किंवा चिनी, आणि जगण्याच्या रीतीवरून जो या तिघांतला वाटत नाही तो 'जनरल पॉप्युलेशन'. हो, घटनेतच असं आहे, जगण्याच्या रीतीवरून! आपल्या कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी लोकांची गणेश चतुर्थी तिथे सार्वजनिक सुट्टी आहे, पण या हिशोबात ते हिंदूंच्याच रकान्यात. आणि हिशोब कुठल्या जनगणनेचा, तर १९७२ च्या, कारण त्यानंतर जनगणनेत समाज विचारणंच बंद झालं.

समाज लिहायला नकार दिला म्हणून तिथल्या काही उमेदवारांचे अर्ज बाद झाले, ते संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेले आणि २०१२ मध्ये समितीने सांगितलं की इतक्या जुन्या आकड्यांवर कुणाला समाज लिहायची सक्ती करणं बरोबर नाही. तेव्हा मी एक लेख लिहिला होता. त्यात एक वाक्य होतं, 'हरलेल्यांना धर्म बघून खिरापत वाटणं म्हणजे लोकशाही नव्हे.' फार आवडलं होतं मला ते तेव्हा. आता कुणी तो लेख काढला की कानाच्या पाळ्या गरम होतात.

कारण २०१८. बेस्ट लूजर काढून त्याजागी पक्षांना मिळालेल्या मतांच्या प्रमाणात जागा आणायचं सरकारचं विधेयक येऊ घातलं होतं, आणि मी राजधानी पोर्ट लुईसमध्ये, प्लेन व्हर्त या मुस्लिम वस्तीतल्या एका छोट्या हॉलमध्ये स्लाइड्स दाखवत होते. मी इंग्रजीत बोलायचे, एक मुलगी त्याचं क्रिओल, म्हणजे तिथली बोलीभाषा, करायची. रंगीत आलेख वगैरे. पुढच्या रांगेत एक आजोबा, टोपी मांडीवर ठेवलेली, शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. प्रश्न विचारा म्हटल्यावर उठले आणि सावकाश सांगायला लागले की त्यांचं घर आधी शहराच्या दुसऱ्या भागात, रॉश ब्वाला होतं. जानेवारी १९६८, स्वातंत्र्याला दोन महिनेसुद्धा नव्हते, शहरात क्रिओल, म्हणजे आफ्रिकी वंशाचे लोक, आणि मुसलमान यांच्यात दंगल पेटली, माणसं मेली, ब्रिटिश सैन्य उतरलं. तिकडचे मुसलमान इकडे आले, इकडचे क्रिओल तिकडे गेले. यांच्या वडिलांनी एका क्रिओल कुटुंबाशी घराची अदलाबदल केली, कागद नाही काही नाही, किल्ल्या दिल्या आणि किल्ल्या घेतल्या. म्हणाले, त्या वर्षी आम्हाला सांगितलं होतं, घाबरू नका, तुमची माणसं संसदेत असतील असं घटनेत लिहिलंय. ते वाक्य तुम्ही काढताय, तर त्याजागी काय ठेवताय?

मी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची स्लाइड परत लावली. अजून आठवलं की कसंतरी होतं, त्या माणसाने किल्ल्यांचं सांगितलं आणि मी पाय चार्ट दाखवला.

त्यांनी तो बघितला. मग विचारलं, 'मादाम, तुमच्या देशात आमच्या लोकांना किती जागा राखीव आहेत?'

एकही नाही. आपल्या संविधान सभेने तो विषय १९४९ मध्येच मिटवला. २०१४ ला ५४३ पैकी २२ मुस्लिम निवडून आले होते, हा आकडा मला तोंडपाठ होता. मी म्हटलं काय, तर 'आमची घटना नागरिकाकडे तसं बघत नाही.' मुलीने भाषांतर केलं. आजोबांनी मान डोलावली, टोपी घातली आणि निघून गेले.

बरं, तुम्ही म्हणाल मग ठेवा की ती पद्धत. तेही नाही जमत. ती भाषांतर करणारी मुलगी, आई तमिळ, वडील क्रिओल, परत येताना गाडीत म्हणाली की आजोबांचं दुःख मला कळतं हो, पण मी उभी राहिले तर आईला वगळू का वडिलांना? यावर माझ्याकडे स्लाइडसुद्धा नव्हती.

घटना बदलायला लागणारी संसदेतली तीन-चतुर्थांश मतं जमेनात म्हणून ते विधेयक मतदानाला गेलंच नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, दोन वर्षांची टिपणं होती. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि हे मी ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही.

नोव्हेंबर २०२४ ला मुख्य बेटावरच्या ६० च्या ६० जागा एका आघाडीने घेतल्या. मावळत्या सरकारच्या आघाडीला चतुर्थांशाहून जास्त मतं आणि निवडून आलेला एकही नाही, त्यांचे जे दोघं संसदेत बसले ते याच बेस्ट लूजरमधून. माझी 'खिरापत'! म्हणजे प्रमाणात जागा हव्यात हे माझं म्हणणं बरोबरच होतं, असं मी स्वतःला सांगते, आणि लगेच आजोबा आठवतात, ते प्रमाणाबद्दल बोलतच नव्हते.

त्या निकालानंतर तीन-चतुर्थांशाची अडचणही राहिली नव्हती. मसुदा परत माझ्याकडे आला तर त्या कलमासमोर काय लिहायचं ते ठरत नाहीये, आणि तुम्ही विचारताय बीच कुठला चांगला.