पिकलेला की फोडलेला?

डिचोली तालुक्यातल्या एका काजू कारखान्याची विक्री मी चौदा वर्षे सांभाळत आहे आणि व्यापारी प्रदर्शनाच्या स्टॉलवर उभी राहणारी माणसे तयार करणे हे काम दरवर्षी माझ्याच गळ्यात पडते. गेल्या नोव्हेंबरमध्ये ताळगावच्या इनडोअर स्टेडियममध्ये आमचा तीन मीटर बाय तीन मीटरचा स्टॉल होता. तेथे दुसऱ्या दिवशी दुपारी जे घडले, ते जेमतेम दहा मिनिटांत आटोपले. पण त्यात चूक कोणाची, हे मला अजून नीट ठरवता आलेले नाही.

तयारी म्हणजे गणवेश आणि हसरा चेहरा, असे बाहेरच्यांना वाटते. प्रत्यक्षात मी सर्वांत आधी स्टॉलवरच्या खुर्च्या हलवतो, कारण बसलेला माणूस मोबाइल काढतो आणि मोबाइल पाहणाऱ्या माणसाकडे गिऱ्हाईक वळत नाही. ‘मी आपल्याला काही मदत करू का?’ या वाक्यावर बंदी असते. त्याला ‘नको’ हे उत्तर तयारच असते. त्याऐवजी ‘आपला माल किरकोळीचा की घाऊकीचा?’ असे विचारायचे. समोरचा व्यापारी असेल तर थांबतो आणि नुसता हिंडायला आलेला असेल तर पुढे सरकतो. मिळालेल्या कार्डाच्या मागे त्याच क्षणी ग्रेड, अंदाजे माल आणि कधी हवा ते लिहायचे, कारण संध्याकाळपर्यंत साठ कार्डे सारखीच दिसू लागतात.

यंदा कारखान्याच्या पॅकिंग हॉलमध्ये टेबल मांडून आम्ही चार दिवस सराव केला. आमचे हिशेबनीस खडूस खरेदीदार झाले आणि ती भूमिका त्यांनी जरा जास्तच मन लावून केली. नुकताच पदवी घेऊन आलेला आमचा विक्री प्रतिनिधी बोलण्यात तरबेज आहे, पण ‘डब्ल्यू ३२० म्हणजे काय?’ या प्रश्नाला त्याने पहिल्या दिवशी ‘३२० ग्रॅमचे पाकीट’ असे उत्तर दिले होते. एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० अखंड पांढरे गर बसतात म्हणून ती ग्रेड ३२०, आणि आकडा जितका लहान तितका गर मोठा, हे त्याच्याकडून मी घोकून घेतले. २२.६८ किलोची ७०० खोकी म्हणजे वीस फुटी कंटेनर भरला, म्हणजेच पावणेसोळा टनांहून थोडा अधिक माल, हेही त्याने पाठ केले.

माझा खरा जीव मात्र ट्रेमध्ये असतो. काजूगरातला ओलावा पाच टक्क्यांच्या वर गेला की गर मऊ पडतो, दाताखाली कट्कन तुटत नाही आणि जाणकार खरेदीदार काही न बोलता निघून जातो. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये एसी सुरू असला, तरी दरवाजे सताड उघडे असल्याने गोव्याची दमट हवा आत येतच राहते. त्यामुळे दर दोन तासांनी ट्रे रिकामा करून नवे पाकीट फोडायचे, असा माझा दंडक आहे. आमच्या मालकांना ही नासाडी वाटते. काढलेले गर आम्हीच संध्याकाळी खातो, एवढीच त्यांची समजूत काढता येते.

चौथ्या सहकारी म्हणून ग्रेडिंगच्या टेबलावरच्या एका काकी होत्या. काकींच्या हाताला बावीस वर्षांची सवय आहे. मूठभर गर टेबलावर पसरले की २४०, ३२०, पाकळी, तुकडा आणि भाजताना डागळलेला असे पाच ढीग त्या बोलता बोलता पाडतात, आणि वजनकाटा सहसा त्यांच्या बाजूनेच कौल देतो. त्यांनी स्टॉलच्या कोपऱ्यात बसून प्रात्यक्षिक करावे, अशी माझी कल्पना होती. खुर्ची फक्त त्यांनाच होती. ‘काकी, कोणी काही विचारले तर आमच्याकडे बोट दाखवा,’ असे मी त्यांना सांगितले होते. तयारीच्या चार दिवसांत त्यांना दिलेली ही एवढीच सूचना.

पहिला दिवस नेहमीसारखा गेला. कापडी पिशव्या घेऊन फुकटचे काजू गोळा करत फिरणारी कुटुंबे याही वर्षी आली आणि त्यातल्या एका गृहस्थांनी ‘यापेक्षा मोठे नाहीत का?’ असेही विचारले.

दुसऱ्या दिवशी तीनच्या सुमारास पुण्याचे एक मिठाईवाले आले. दिवाळीच्या भेटडब्यांवर ‘गोव्याचा काजू’ असे छापता येईल का, याची चाचपणी ते पुढच्या हंगामासाठी करत होते. त्यांनी ३२० च्या ट्रेमधला एक गर उचलला, मधोमध मोडला, वास घेतला आणि आमच्या मागच्या फलकाकडे पाहिले. फलकावर मोठ्या अक्षरांत तेच शब्द होते.

‘हा गोव्यात पिकलेला आहे, की गोव्यात फोडलेला?’ त्यांनी विचारले.

‘शंभर टक्के गोव्याचा, सर,’ आमचा प्रतिनिधी म्हणाला. आवाज, नजर, हसू, सगळे मी शिकवल्याप्रमाणे होते.

काकींनी हातातला ढीग तसाच ठेवला. ‘तसे नाही हो,’ त्या म्हणाल्या. ‘हा २४० आमच्या इथल्या बीचा, उन्हाळ्यात आम्हीच काढला. ३२० आफ्रिकेच्या बीचा. इथली बी वर्षभर कुठे पुरते?’

मी पुढे होऊन ‘प्रक्रिया संपूर्णपणे गोव्यातच होते’ असे काहीतरी गुळगुळीत वाक्य टाकले. ते वाक्य खरेच होते आणि त्या क्षणी ते मला सर्वांत खोटे वाटले. शेजारच्या स्टॉलवरचे दोघे कान टवकारून उभे होते. मिठाईवाल्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. त्यांनी काकींकडून २४० चे पाकीट मागून घेतले आणि माझ्या कार्डाच्या मागे स्वतःच्या पेनाने काहीतरी लिहिले.

आमच्या धंद्यात ही गोष्ट गुपित नाही. गोव्याची बी फेब्रुवारी ते मे एवढ्याच काळात येते आणि कारखाने बारा महिने चालवायचे तर आफ्रिकेतून बी आणावीच लागते. बोंडूपासून, म्हणजे काजूच्या रसाळ फळापासून, होणाऱ्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन २००९ मध्ये मिळाले. गोव्याच्या काजूला ते २०२३ मध्ये मिळाल्यापासून हा प्रश्न अधिक टोकदार झाला आहे. मानांकनाचे चिन्ह वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ती आमची नाही म्हणून ते चिन्ह फलकावर घालू नये, असे मी मालकांना ठामपणे सांगितले होते. पण ‘गोव्याचा काजू’ हे शब्द मात्र मी राहू दिले. सरावासाठी मी एकेचाळीस प्रश्नांचा कागद काढला होता आणि त्यात मिठाईवाल्यांचा प्रश्न नव्हता. तो मला सुचला नव्हता असे नाही. त्याचे उत्तर मालकांपुढे बसून ठरवावे लागले असते, म्हणून मी तो गाळला. रिकाम्या जागी त्या मुलाने तयार वाक्य भरले, त्याला बोल काय लावणार? मालकांनी बोल लावला तो काकींना. ‘त्या बाईला नेलीतच कशाला?’ असे त्यांनी मला विचारले आणि मी ‘प्रात्यक्षिकासाठी’ एवढेच बोलून गप्प बसलो, हे लिहायला आजही जड जाते.

आठवड्याने पुण्याहून पत्र आले. २४० ची पन्नास खोकी हवी आहेत, परंतु प्रत्येक खोक्यामागे बी कुठली याची लेखी नोंद पाहिजे, असे त्यात होते. आमच्या खोक्यावर ग्रेड आणि पॅकिंगची तारीख असते. कोणत्या आठवड्यात कुठली बी टेबलावर आली, हे ग्रेडिंगच्या बायकांना तोंडपाठ असते, पण ते कारखान्याच्या एकाही वहीत लिहिलेले नाही. ती वही सुरू करावी म्हणून मी दोनदा टिपण दिले आहे. ते अजून मालकांच्या टेबलावर आहे.

मागच्या सोमवारी काकी केबिनच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. प्रदर्शनाचा विषय निघणार, अशा समजुतीने मी मनात वाक्यांची जुळवाजुळव करू लागलो. त्यांचा प्रश्न निराळाच होता. ग्रेडिंगची मजुरी किलोवर मिळते आणि स्टॉलवरच्या तीन दिवसांची आमच्या हजेरीपत्रकात नुसती हजेरी लागली होती.

‘सर, त्या तीन दिवसांचे किलो किती धरायचे?’

हिशेबनीस म्हणतात, तसा रकाना नाही.