टॉकीजला जाऊन बघू, की मोबाइलवर येईल तेव्हा?

‘मॅडम, तो नवा मराठी पिक्चर टॉकीजला जाऊन बघण्यासारखा आहे, की मोबाइलवर आल्यावर बघितला तरी चालेल?’

साताऱ्यात माझं औषधांचं दुकान आहे आणि रक्तदाबाच्या गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर हा प्रश्न काउंटरवर येतोच. आमच्याकडे लागणारा जवळपास प्रत्येक मराठी सिनेमा मी बघते, त्यावर चार-पाच परिच्छेद लिहून ओळखीच्यांना पाठवते, त्यामुळे लोकांनी मला हे विचारणं साहजिक आहे. पण मागे तिघं-चौघं उभे असताना नीट उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर लिहिते.

‘जाऊन बघण्यासारखा’ याचा अर्थ बहुतेकांच्या मनात ठरलेला असतो. घोडे, तलवारी, समुद्र, छाती धडधडवणारा आवाज असला की तिकिटाचे पैसे वसूल. चार माणसं घरात बसून बोलत असतील तर तो सिनेमा घरीच बघू. माझं मत याच्या उलट आहे आणि 2025 साली आलेल्या सिनेमांनी ते पक्कं झालं. लढाई मोबाइलवर लहान दिसते, पण काय चाललंय ते कळतं. ज्या सिनेमात वरवर फारसं घडत नाही, तो घरी बघितला तर हातातून निसटून जातो.

‘स्थळ’चंच बघा. जयंत दिगंबर सोमलकर यांच्या या सिनेमाला 2023 साली टोरोंटोच्या महोत्सवात नेटपॅक हा आशियाई सिनेमासाठीचा पुरस्कार मिळाला आणि आपल्याकडे तो लागायला 7 मार्च 2025 उजाडला. गोष्ट चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावची. सविता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, वडील कापूस पिकवतात, घरच्यांना तिचं लग्न जमवायचंय. पाहुणे येतात, पुरुष ओळीनं बसतात, सविता साडी नेसून समोर येते. नाव काय, शिक्षण किती, उंची किती, आवड कशाची. ते जातात, नकार येतो. मग दुसरे पाहुणे. तीच बैठक, तेच चहापाणी, तेच प्रश्न. सोमलकर हा प्रसंग पुन्हा पुन्हा दाखवतात आणि घाईनं उरकत नाहीत.

सुरुवातीला माझ्या आजूबाजूचे लोक हसत होते. हसण्यासारखंच आहे ते. सिनेमा उघडतो तोच सविताच्या स्वप्नानं, आणि स्वप्नात बायका बघायला बसल्यात, दाखवायला आणलाय तो मुलगा. पण खरे पाहुणे यायला लागले, एकामागून एक, तसं हसू ओसरत गेलं. पुढे पुन्हा एकदा पाहुणे आले तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतली एक बाई मोठ्यानं म्हणाली, ‘आले परत!’ आणि त्यानंतर कोणी हसलं नाही. घरी बघत असते तर दुसऱ्याच पाहुण्यांना माझा अंगठा दहा सेकंद पुढे ढकलायच्या खुणेवर गेला असता. हे मघाशी झालंय की, म्हणून. मघाशी झालेलंच पुन्हा होत राहणं हे सविताचं आयुष्य आहे. तिला ते पुढे ढकलता येत नाही, आणि बघणाऱ्यालाही ढकलता येऊ नये यासाठी या सिनेमाला थिएटरातली खुर्ची लागते.

काम करणारी माणसं त्याच भागातली, अभिनयाचा अनुभव नसलेली. नंदिनी चिकटे हिनं सविताचं काम केलंय. ‘ती उत्तरं पाठ म्हटल्यासारखी देते’, अशी तक्रार मी ऐकली. अहो, बघायला आलेल्या माणसांपुढे मुली अशाच बोलतात. घरच्यांनी पढवलेलं, खालमानेनं, एका सुरात. त्याच मुलीला मैत्रिणींबरोबर असताना बघा, आवाज बदलतो, चाल बदलते. कॉलेजात स्त्रीसक्षमीकरणाचा धडा शिकवला जातो आणि घरी गेल्यावर पोरीला साडी नेसवून बसवतात. बाजारात कापसाला भाव नसतो आणि घरात पोरीला पसंती नसते. सिनेमा या गोष्टी शेजारी शेजारी ठेवतो आणि बाजूला होतो. कोणी उभं राहून समजावून सांगत नाही. मराठीत इतका विश्वास प्रेक्षकावर टाकणारे दिग्दर्शक थोडे आहेत, म्हणून मी या सिनेमाबद्दल एवढी आग्रही आहे.

दुसरा, ‘साबर बोंडं’. याबद्दल गिऱ्हाइकं आवाज खाली आणून विचारायची, ‘तो तसला पिक्चर आहे ना?’ मी आवाज खाली आणत नाही. हो, दोन पुरुषांच्या प्रेमाचा सिनेमा आहे आणि फार सुंदर सिनेमा आहे. रोहन कानवडे यांच्या या पहिल्या मोठ्या सिनेमाला 2025 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागातलं परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. आपल्याकडे तो 19 सप्टेंबरला लागला. मुंबईत राहणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांचं सुतक पाळायला आईबरोबर गावी येतो. तिशीला आलेला, बिनलग्नाचा. नातेवाईक सुतकातच लग्नाचा विषय काढतात. गावात लहानपणीचा मित्र बाळ्या आहे, त्याच्याही घरात लग्नाचा तगादा आहे. दोघं पुन्हा जवळ येतात. गोष्ट एवढीच.

यात पार्श्वसंगीत नाही. शेळ्या, वारा, पायाखालची माती, घरातल्या बायकांचं अर्धवट ऐकू येणारं बोलणं, एवढ्यावर सगळं चालतं. घरी बघाल तर ही शांतता तुमच्या पंख्याच्या आणि शेजारच्या कुकरच्या आवाजात बुडून जाईल आणि तुम्ही म्हणाल, संथ आहे. थिएटरात माझ्या कानाला ते आवाज हळूहळू लागत गेले आणि मग दोन माणसांनी नुसतं शेजारी झोपून आभाळाकडे बघणंही मोठी घटना वाटायला लागलं. जयश्री जगताप यांनी केलेली आई तर मला अजून सोडत नाही. तिला मुलाबद्दल सगळं माहीत आहे. आपल्या सवयीच्या सिनेमात अशा आईला शेवटाकडे एक भाषण मिळतं, मागे बासरी वाजते आणि टाळ्या पडतात. इथे ती चुलीपाशी बसलेली असते, नातेवाइकांचे प्रश्न स्वतःच्या अंगावर घेते आणि मुलाला जेवायला वाढते. तिशीतल्या मुलांच्या आयांनी हा सिनेमा बघायला हवा असं मला मनापासून वाटतं.

आता ‘दशावतार’, कारण त्यावरून माझे सगळ्यात जास्त वाद झाले. 12 सप्टेंबर 2025 ला तो लागला, जोरात चालला, आणि ‘एवढा मोठा मराठी सिनेमा, तुम्ही त्यात खोट काय काढता?’ असं मला सुनावलं गेलं. खोट काढायची हौस नाही. सुबोध खानोलकर यांच्या या सिनेमाचा पहिला भाग मला अतिशय आवडला. दिलीप प्रभावळकर वयाच्या 81 व्या वर्षी बाबुली मेस्त्री झालेत. नजर अधू होत चाललेला दशावतारी नट, ज्याला मुलगा सांगतोय की बाबा, आता थांबा. दशावताराचं नाटक ज्यांनी कोकणात जत्रेला रात्रभर जागून बघितलंय त्यांना कळेल की हे थांबणं काय असतं. तिथे लिहून दिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, पात्रं वाटली जातात, आणि पेटी-पखवाजाच्या साथीवर नट उभ्या उभ्या संवाद रचत जातो. आरशासमोर बसून स्वतःचं तोंड स्वतः रंगवतो. ज्याचे डोळेच जाताहेत त्यानं तो रंग लावायचा कसा? प्रभावळकर आरशासमोर बसतात तेव्हा हा प्रश्न त्यांच्या हातांत दिसतो.

दुसऱ्या भागात सिनेमा स्वतःचाच आवाज वाढवतो. खनिजासाठी डोंगर फोडण्याचा प्रश्न सिंधुदुर्गात खरा आहे. तिथल्या ‘कळणे’सारख्या गावांतल्या लोकांनी त्यासाठी आंदोलनं केली आहेत. त्या प्रश्नाला सिनेमा दोन-चार वाईट माणसं देतो आणि त्यांचा हिशेब चुकता करतो. प्रेक्षक समाधानानं बाहेर पडतो. ते समाधान मला खटकतं, कारण खाणी माणसांच्या वाईटपणावर चालत नाहीत. कागदांवर, परवानग्यांवर, सातबाऱ्यावर आणि गावातल्याच काहींच्या गरजेवर चालतात. तो गुंता पहिल्या भागातल्या निगुतीनं मांडला असता तर हा आपल्या काळातला फार मोठा सिनेमा झाला असता. तरी विचारणाऱ्या प्रत्येकाला मी जा असंच सांगितलं. प्रभावळकरांचा तो चेहरा मोठ्या पडद्यावर बघायला मिळणं हेही पुष्कळ आहे.

त्याच शुक्रवारी ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’ हेही लागले होते. एका दिवशी तीन मराठी सिनेमे. यातून तुमच्या प्रश्नाची दुसरी बाजू येते, ती वेळेची. सिनेमाचं नशीब शुक्रवार ते रविवारात ठरतं. सोमवारी शो कमी होतात आणि पुढच्या शुक्रवारी नवे सिनेमे आले की उरलेलेही जातात. 2015 साली राज्य सरकारनं मल्टिप्लेक्सना संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत मराठी सिनेमा दाखवण्याची सक्ती जाहीर केली होती. त्यावर गदारोळ झाला आणि ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल झाली. म्हणजे भर दुपारचा शो लावला तरी नियम पाळला गेला. मंगळवारी दुपारी सव्वाबाराला कोण जाणार? दुकानदार, शिक्षक, नोकरी करणाऱ्या बायका, कोणीच नाही. मग ‘प्रेक्षक नाही’ म्हणून तोही शो जातो. ‘स्थळ’बद्दल लोक मला विचारायला लागले तोवर तो आमच्याकडून उतरलाही होता. म्हणून विचारायचं तर शनिवारी सकाळी विचारा. पुढच्या गुरुवारी मी काहीही सांगितलं तरी त्याचा उपयोग नसतो.

पण मराठी आहे म्हणून बघा, असं मी कोणाला सांगत नाही. त्या आवाहनाचा मला मनापासून राग येतो. 1936 साली प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ मुंबईत वर्षभराहून जास्त चालला, पुढे व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. तेव्हा लोकांनी भाषेवर उपकार करायला तिकीट काढलं नव्हतं. 2023 मध्ये ‘बाईपण भारी देवा’ला बायका नऊवारी नेसून, मैत्रिणींचे घोळके करून आल्या आणि थिएटरातच मंगळागौरीचे खेळ खेळल्या, तेही कर्तव्य म्हणून नव्हे. सहा बहिणी, सहा दुखणी आणि प्रत्येकीवर झटपट उपाय, अशी ती पटकथा मला आखीव वाटली होती. तरीही इतक्या बायकांना स्वतःसाठी एक दुपार काढावीशी वाटली, हे त्या सिनेमाचं मोठं काम मी मानते.

माझी खरी तक्रार आहे ती आपल्या सिनेमांच्या शेवटच्या पंधरा मिनिटांबद्दल. ‘आता थांबायचं नाय’ मी आनंदानं बघितला. मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणीतले कर्मचारी या वयात दहावीला बसतात, ही घडलेली गोष्ट आहे आणि भरत जाधव, सिद्धार्थ जाधव यांनी ती जीव ओतून केली आहे. दिवसभर गटारात उतरलेला माणूस रात्री बाकावर बसून पेन कसं धरतो हे बघताना मला भरून आलं. तिथे संगीताला मला रडवायची गरज नव्हती, मी रडतच होते. असे प्रसंग मिळाल्यावरही दिग्दर्शकांना धीर का राहत नाही? प्रेक्षकाला कळणार नाही ही धास्ती पटकथेत शिरली की पात्रं एकमेकांशी बोलणं सोडून आपल्याशी बोलायला लागतात. ‘स्थळ’ आणि ‘साबर बोंडं’ यांनी ती धास्ती सोडली. त्यांना थिएटरात रिकाम्या खुर्च्या मिळाल्या तर पुढचा निर्माता दिग्दर्शकाला सांगेल, शेवटी एक भाषण टाका, एक गाणं टाका. मला या रिकाम्या खुर्च्यांची काळजी आहे.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: मोठा, गाजावाजा झालेला सिनेमा चुकला तर चुकू द्या, घरी बघा. ज्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, पोस्टरवर ओळखीचं तोंड नाही, आणि दिवसाला एकच शो आहे, त्याला जा. मला विचारायलाही थांबू नका.

आणि जे उतरले, ते घरी बघायचेच असतील तर एवढं करा. जेवणं आटोपल्यावर लावा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, दिवा बंद करा, टीव्हीला जोडून बघा आणि एका बैठकीत संपवा. पाहुणे पुन्हा आले तरी पुढे ढकलू नका. दोघं-तिघं मिळून बघा, जमलं तर आईला किंवा सासूबाईंना शेजारी बसवा. ‘स्थळ’ बघताना त्या त्यांच्या वेळचं काहीतरी सांगायला लागतील. तेव्हा मात्र सिनेमा थांबवा, त्यांचं ऐकून घ्या, आणि मग पुढे बघा.